उसन्या कापडाची आठवण

हिप-हॉप जन्माला आलं, कारण एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. ऐकायला गंमत वाटते, पण घटना खरी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२० सेजविक अव्हेन्यू या पत्त्यावर एक उंच इमारत आहे. तिथं राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेलने ११ ऑगस्ट १९७३ रोजी इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. शाळा उघडली की सगळ्यांच्या अंगावर दिसतात तसले कपडे तिला नको होते. मॅनहॅटनमधल्या डेलान्सी स्ट्रीटच्या बाजारात जाऊन जरा वेगळं काही घ्यायचं होतं. त्यासाठी पैसे हवेत. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असं तिकीट लावलं आणि गाणी वाजवायला मोठ्या भावाला बसवलं. जमैकाहून आलेल्या या घरातला तो भाऊ, क्लाइव्ह, पुढे डीजे कूल हर्क म्हणून जगाला माहीत झाला.

२०२३ मध्ये त्या पार्टीला ५० वर्षं झाली. यँकी स्टेडियममध्ये मोठा जलसा झाला, न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहालयात हिप-हॉपच्या पोशाखांचं प्रदर्शन भरलं, वर्षभर लेख येत राहिले. मी वाचले त्यातल्या बहुतेक लेखांत हर्कची करामत सविस्तर होती आणि बहिणीची खरेदी एका ओळीत उरकलेली. मला ती खरेदी जास्त महत्त्वाची वाटते. पुढच्या २० वर्षांत त्या शहरात जे घडलं, त्यात गाणं आणि कपडा वेगळे काढताच येत नाहीत. दोन्ही एकाच पद्धतीने बनत होते. दुसऱ्याच्या मालाचा तुकडा घ्यायचा, कापायचा, उलटा-सुलटा करून आपल्या मापाने जोडायचा. दोन्हींवर चोरीचा आळ आला, तोही जवळजवळ एकाच वेळी. आणि आज त्या काळाची आठवण म्हणून जो माल विकला जातो, तो विकणाऱ्यांत आळ घेणारेही आहेत.

आधी हर्कची करामत सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळच्या फंक आणि सोल रेकॉर्डमध्ये मध्येच एक जागा येते. गायक थांबतो, बाकी वाद्यं गप्प होतात आणि काही क्षण फक्त ड्रम वाजतो. तिला ब्रेक म्हणतात. नाचणारी पोरं याच जागेची वाट पाहतात, हे हर्कने हेरलं. त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच ब्रेक सुरू. काही सेकंदांची जागा मिनिटं न् मिनिटं चालू लागली. यात बऱ्याच रेकॉर्डी जुन्या होत्या, जेम्स ब्राउन वगैरे. म्हणजे हे संगीत पहिल्या दिवसापासून जुन्याच्या जिवावर उभं आहे. आणखी एक गोष्ट. आपण कोणती रेकॉर्ड वाजवतो हे दुसऱ्या डीजेंना कळू नये म्हणून हर्क रेकॉर्डवरची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आज ‘ओल्ड स्कूल हिप-हॉप’ म्हटलं की डोळ्यांपुढे ठरलेली चित्रं येतात. कांगोलची टोपी, मनगटाएवढी जाड सोन्याची साखळी, काझालचे मोठे चष्मे, नाव कोरलेले बेल्टचे बक्कल, बायकांच्या कानात बांबूच्या आकाराच्या मोठ्या रिंगा. नव्वदच्या दशकात शिरलो की ढगळ जीन्स आणि बांधकामावरच्या मजुरांसाठी बनवलेले टिंबरलँडचे बूट. यातली एकही गोष्ट हिप-हॉपवाल्यांनी कारखान्यात काढलेली नाही. सगळ्या दुसऱ्या कुणासाठी बनल्या होत्या. पोरांनी त्या उचलल्या आणि अशा घातल्या की मूळ मालकाला ओळखू येऊ नयेत.

या कथेतला सुखान्त भाग आदिदासचा आहे, तो लवकर संपवतो. क्वीन्समधल्या होलिस वस्तीतली तीन पोरं, रन-डीएमसी. काळी हॅट, काळं लेदर आणि पायांत आदिदासचे सुपरस्टार बूट, बिनलेसचे. तुरुंगात कैद्यांच्या बुटांच्या लेस काढून घेतात. त्यामुळे बिनलेसचे बूट घालणारा पोरगा म्हणजे आतून आलेला, असा लोकांचा समज. क्वीन्समधल्याच एका डॉक्टरने असे बूट घालणाऱ्यांना झोडपणारं गाणंही काढलं होतं. त्याला जवाब म्हणून १९८६ साली रन-डीएमसीने आपल्या बुटांवर गाणं केलं. त्याच उन्हाळ्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना पायातले बूट वर धरायला सांगितलं. हजारो बूट हवेत गेले आणि ते पाहायला आदिदासचा माणूस हजर होता. कंपनीने करार केला. विकत घेतलेला बूट कसा घालायचा, एवढाच हा मामला होता. त्यात कंपनीचं नुकसान काहीच नव्हतं.

हार्लेममध्ये जे चाललं होतं त्यात मात्र होतं.

हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर १९८२ साली डॅनिएल डे नावाच्या माणसाने दुकान उघडलं. जन्म १९४४, हार्लेमचाच. लोक त्याला डॅपर डॅन म्हणत. तरुणपणी जुगारात हात चालणारा, पुढे वाचनात रमलेला, आफ्रिका फिरून आलेला. आफ्रिकेत शिंप्यांकडून मापाचे कपडे शिवून घेताना त्याच्या डोक्यात दुकानाची कल्पना आली. सुरुवात फर आणि लेदरच्या कोटांनी केली, पण काळ्या दुकानदाराला घाऊक माल द्यायला व्यापारी नाखूश. मग एक दिवस एक गिऱ्हाईक हातात लुई व्हितॉंची छोटी थैली घेऊन आलं आणि दुकानातले सगळे त्या थैलीभोवती जमले. डॅपर डॅनने हिशोब केला. एवढीशी थैली पाहून लोक असे वेडे होत असतील, तर तीच नक्षी डोक्यापासून पायापर्यंत अंगावर असली तर?

लुई व्हितॉंच्या दुकानात असा कोट मिळतच नव्हता. त्या कंपन्या तेव्हा मुख्यतः बॅगा आणि पाकिटं विकत. त्याने त्यांच्याच बॅगा विकत आणून त्या कापून कोटाला पट्ट्या लावल्या. बॅगा पुरेनात, तेव्हा चामड्यावर स्क्रीन प्रिंटिंग कसं करायचं ते शिकून घेतलं आणि लुई व्हितॉं, गुची, फेंडी, एमसीएम यांच्या नक्षा स्वतःच छापल्या. शिवायला सेनेगलहून आलेले शिंपी होते. सेनेगल हा मुस्लिमबहुल देश, हातशिलाईची त्यांची परंपरा जुनी. दुकान आठवड्याचे सातही दिवस, २४ तास उघडं. रात्री तीन वाजता शिलाई मशीन चालू आणि समोर गिऱ्हाईक उभं. गिऱ्हाईक कोण? रॅपर, बॉक्सर आणि हेही सांगायला हवं, गर्दचा धंदा करणारे. त्या दशकात हार्लेममध्ये रोकड पैसा कुणाच्या खिशात होता हे लपवून या दुकानाचा इतिहास लिहिता येत नाही. आजच्या गोडगोड आठवणींत ही बाजू सोयीने गाळली जाते. त्याच वर्षांत क्रॅकने ज्या घरांचा सत्यानाश केला, त्या घरांत सोन्याच्या जाड साखळीचा अर्थ वेगळा होता.

एरिक बी आणि रकीम यांच्या १९८७ आणि १९८८ च्या अल्बमांची मुखपृष्ठं पाहा. अंगावर डॅपर डॅनची जाकिटं आहेत. रकीमचं मूळ नाव विल्यम ग्रिफिन. रॅपच्या शब्दांची लय त्याने बदलली, ओळीच्या शेवटी येणारं यमक ओळीच्या पोटात नेलं. तो फाइव्ह पर्सेंट नेशनचा. हा पंथ १९६४ च्या सुमारास हार्लेममध्येच निघाला, नेशन ऑफ इस्लाममधून बाहेर पडलेल्या क्लॅरेन्स १३एक्सने काढला. त्यांची शिकवण आपण ज्याला इस्लाम म्हणतो त्यापासून फार लांब आहे, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतःला मुसलमान म्हणवतही नाहीत. पण शब्द मात्र आपल्या घरातले. अल्लाहचं नाव, सलामच्या जागी ‘पीस’, दिलेल्या शब्दाला जागण्याची भाषा. हिप-हॉपची बोली म्हणून जगभरातली पोरं जे शब्द वापरतात, त्यातले कित्येक या छोट्या पंथाच्या तोंडचे आहेत. दुसऱ्या टोकाला ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा अली शहीद मुहम्मद, जो सरळसरळ मुसलमान, आणि त्याच गटाचा क्यू-टिप, ज्याने नव्वदच्या दशकात इस्लाम स्वीकारला. मॉस डेफने १९९९ चा आपला अल्बम बिस्मिल्लाहने सुरू केला. आपल्याकडे रॅप म्हणजे दारू आणि शिव्या असं मानणाऱ्या बुजुर्गांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

डॅपर डॅनकडे परत येऊ. २३ ऑगस्ट १९८८ च्या पहाटे हेवीवेट विजेता माइक टायसन दुकानावर आला होता. तिथं मिच ग्रीन या दुसऱ्या बॉक्सरशी त्याची हाणामारी झाली, टायसनचा हात मोडला, आणि पहाटे चारला उघडं असलेलं हे कपड्यांचं दुकान देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. बॅगा विकणाऱ्या कंपन्यांचंही लक्ष गेलं. छापे सुरू झाले. माल जप्त, मशीन जप्त. फेंडीच्या वकिलांत सोनिया सोतोमायोर होत्या. त्या स्वतः ब्राँक्समध्ये वाढलेल्या, आणि २००९ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आहेत. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्यांची केस पक्की होती. कंपनीचं चिन्ह तिच्या परवानगीशिवाय छापलं होतं, यात वादच नाही. १९९२ मध्ये दुकान बंद झालं.

त्याच १९९२ सालात हार्लेमच्या फूटपाथवर एक वेगळंच चिन्ह विकलं जात होतं. काळी टोपी, तिच्यावर पांढरा ‘एक्स’. स्पाइक ली यांचा माल्कम एक्स हा चित्रपट नोव्हेंबरात आला, पण टोप्या त्याच्या आधीपासून डोक्यांवर होत्या. माल्कमने आडनावाच्या जागी एक्स का लावला, हे माझ्या वाचकांना माहीत असेल. ‘लिटल’ हे आडनाव त्याच्या पूर्वजांना गुलामांच्या मालकाकडून मिळालेलं. आफ्रिकेतलं खरं नाव हरवलेलं. त्या हरवलेल्या नावाची खूण म्हणजे एक्स. म्हणजे पाहा, एकाच रस्त्यावर एका पोराच्या अंगभर पॅरिसच्या एका घराण्याचं नाव छापलेलं, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर नाव हिरावलं गेल्याची खूण. दोघांचा प्रश्न नावाचाच होता. थोड्याच दिवसांत एक्स हाही एक ब्रँड झाला, मगांवर आला, बिल्ल्यांवर आला. माल्कमच्या कुटुंबाला त्याच्या परवान्यांकडे लक्ष द्यावं लागलं.

माल्कमला स्वतःला या सगळ्याचं फारसं नवल वाटलं नसतं. चाळीसच्या दशकात, रोक्सबरी आणि हार्लेमच्या नाचघरांत फिरताना, त्यानेही झूट सूट घातला होता. गुडघ्याला फुगलेली आणि घोट्याला आवळलेली विजार, मांड्यांपर्यंत येणारा कोट. महायुद्धात कापडावर रेशन आलं तेव्हा एवढं कापड वापरणं हेच बंड मानलं गेलं. आत्मकथेत त्याने आपल्या पहिल्या सूटबद्दल सविस्तर सांगितलंय, आणि त्याची थट्टाही केलीय. ढगळ कपडा आणि त्यावरून उठणारा गदारोळ काही हिप-हॉपने आणला नाही.

ऑक्टोबर १९९४ मध्ये महापौर जुलियानींच्या प्रशासनाने १२५व्या रस्त्यावरचे फेरीवाले हटवले. त्यांच्यात पश्चिम आफ्रिकेतून आलेले खूप होते. टोप्या, कापड, अत्तर, कॅसेट विकणारे. त्यांची सोय ११६व्या रस्त्यावर लावली, आणि तो बाजार चालवण्याची जबाबदारी घेतली मस्जिद माल्कम शाबाझने, म्हणजे ज्या मशिदीत एकेकाळी माल्कम बोलत असे तिच्याच वारसाने.

आता गाण्याच्या बाजूला काय चाललं होतं ते पाहू. हर्क जे दोन टर्नटेबलांवर हाताने करायचा, ते ऐंशीच्या दशकात यंत्रावर होऊ लागलं. जुन्या रेकॉर्डचा तुकडा यंत्रात साठवायचा आणि बटण दाबून पाहिजे तितक्या वेळा वाजवायचा. याला सॅम्पलिंग म्हणतात. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात सगळी मिळून दहाएक सेकंद साठवण होती. दहा सेकंदांत गाणं कसं बसवणार? पोरांनी युक्ती काढली. ३३ च्या गतीची रेकॉर्ड ४५ वर पळवायची, म्हणजे तुकडा कमी जागेत मावतो, आणि यंत्रात गेल्यावर त्याची गती उतरवायची. असं केल्याने आवाज खरखरीत, धुळकट होतो. नव्वदच्या हिप-हॉपची आठवण काढताना लोक ज्या ‘उबदार’ आवाजाबद्दल हळवे होतात, तो या काटकसरीतून आलेला आहे. आज संगणकावर अमर्याद जागा असताना तो आवाज मुद्दाम खराब करणारी सॉफ्टवेअरं विकत मिळतात.

१९८८ ते १९९१ या तीन-चार वर्षांत जे निघालं, ते पुन्हा निघालं नाही. पब्लिक एनिमीच्या एकेका गाण्यात थरावर थर. बीस्टी बॉइजच्या १९८९ च्या अल्बममध्ये शंभराहून जास्त तुकडे. डी ला सोलचा पहिला अल्बमही १९८९ चाच. त्यात फंक, पॉप आणि फ्रेंच शिकवण्याची एक रेकॉर्डसुद्धा. ट्राइब कॉल्ड क्वेस्टने मागच्या पिढीच्या जॅझ रेकॉर्डी काढून त्यांच्यावर तिशीच्या आतल्या पोरांचं बोलणं बसवलं. सोन्याच्या साखळ्या काढून गळ्यात आफ्रिकेच्या नकाशाची चामड्याची पदकं आली तीही याच सुमारास.

कव्वाली ऐकणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. कव्वाल मूळ कलाम गाता गाता मध्येच दुसऱ्या शायराचा शेर आणून बसवतो, त्याला गिरह लावणं म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. ऐकणारा तो शेर ओळखतो आणि त्याच ओळखीचा आनंद ‘वाह’ होऊन बाहेर पडतो. मी मिरजेत वाढलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणारे-वाजवणारे येऊन हजेरी लावतात. तिथं शेकडो वर्षांच्या बंदिशी ऐकल्या. कुणी त्यांचा परवाना काढल्याचं ऐकलं नाही. फरक एवढाच, की उस्तादाचं नाव घेताना गवयाचा हात कानाला जातो. हर्क लेबल भिजवून काढत होता. त्याची स्पर्धा होती, पोटाचा प्रश्न होता, मी दोष देत नाही. पण नाव लपवण्याची ती सवय पुढे कोर्टात महागात पडली.

बिझ मार्की हा त्या पिढीतला विदूषक. जाडजूड, तोंडाने ड्रम वाजवणारा, सगळ्यांचा लाडका. १९९१ च्या अल्बममध्ये त्याने गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या १९७२ च्या एका गाण्याचा तुकडा घेतला. परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती, तरी गाणं निघालं. १७ डिसेंबर १९९१ ला न्यायाधीश केविन डफी यांनी निकाल दिला. निकालाची सुरुवात त्यांनी बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली, आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवलं. कारवाई झाली नाही, पण संदेश पोचला. रेकॉर्ड कंपन्यांनी वकील बसवले. प्रत्येक तुकड्याला पैसे, प्रत्येक तुकड्याला करार. शंभर तुकड्यांचा अल्बम काढणं त्या दिवशीच परवडेनासं झालं. आता एका गाण्यात एक किंवा दोन तुकडे, तेही ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या गाण्यात. बिझ मार्कीने १९९३ च्या पुढच्या अल्बमला नाव दिलं, त्याचा अर्थ एवढाच की सगळ्या सॅम्पलची परवानगी घेतलेली आहे.

डिसेंबर १९९१ ला हा निकाल, १९९२ ला डॅपर डॅनचं दुकान बंद. मला यात कुणाचा कट दिसत नाही. दोन वेगळ्या धंद्यांतल्या मालकांना एकाच वेळी कळलं की खालच्या वस्तीत आपल्या मालातून पैसा निघतोय.

पण मग सॅम्पल केलेल्या मूळ कलाकाराचं काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कुणाच्याच सोयीचं नाही. हिप-हॉपमध्ये सर्वात जास्त कापल्या गेलेल्या ड्रमच्या तुकड्यांपैकी एक जेम्स ब्राउनच्या १९७० च्या रेकॉर्डवरचा, क्लाइड स्टबलफिल्डने वाजवलेला. दुसरा द विन्स्टन्स या गटाच्या १९६९ च्या रेकॉर्डवरचा, काही सेकंदांचा, ग्रेगरी कोलमनने वाजवलेला. स्टबलफिल्डला त्या तुकड्याचे हक्काचे पैसे मिळाले नाहीत, कारण कायद्याच्या लेखी ड्रम वाजवणारा हा गाण्याचा मालक नाही. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. पोरांनी त्यांना पैसे दिले नाहीत, आणि चोरीची आज्ञा वाचून दाखवणाऱ्या कायद्यानेही दिले नाहीत. परवान्याचा पैसा जातो तो हक्क विकत घेऊन बसलेल्या कंपनीकडे. हात ज्याचा, तो दोन्ही हिशोबांत बाहेर.

माझ्यापर्यंत हे सगळं तिसऱ्या-चौथ्या हाताने पोचलं. १९९२ मध्ये बाबा सेहगलचं थंड पाण्याचं गाणं आलं आणि मिरजेत गल्लोगल्ली वाजलं. ते व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरच्या गाण्यावर बेतलेलं, त्याच्या गाण्यातला बेस क्वीन आणि डेव्हिड बोवीच्या १९८१ च्या गाण्यातून उचललेला. ही साखळी मला खूप नंतर कळली. तेव्हा एवढंच कळत होतं की विजार ढगळ हवी. आमच्या मोहल्ल्यातल्या टेलर मास्तरांना एमसी हॅमरचा फोटो दाखवला, तर त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, “बेटा, ही तर सलवार. यासाठी अमेरिकेचा फोटो कशाला आणलास?” शिवून दिली मात्र झकास. खिशावर लावायला एका मोठ्या परदेशी कंपनीचं लेबलही मिळालं; तसली लेबलं बाजारात डझनाने मिळत.

मुंबईत अशा मालाला ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात. किती सरळ शब्द आहे. खोटा म्हणत नाही, नकलीही म्हणत नाही; पहिली प्रत. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये आयपॅडच्या मदतीने आपलं पहिलं गाणं आणि त्याचा व्हिडिओ केला, आणि २०१९ मध्ये गली बॉय चित्रपट आला तेव्हा कुर्ला-धारावीचं हिप-हॉप साऱ्या देशाने पाहिलं. त्या गल्ल्यांत नाचणाऱ्या पोरांच्या पायातले बूट कुठले हे विचारायची गरज नाही. सेजविक अव्हेन्यूच्या हॉलमधल्या पोरांना ते लगेच ओळखू आले असते.

आता शेवटचा हप्ता. मे २०१७ मध्ये गुचीने फ्लॉरेन्समध्ये नवे कपडे सादर केले. त्यात एक जाकीट होतं, फुग्यासारख्या बाह्यांचं, बाह्यांवर नक्षी. ऑलिंपिक धावपटू डायन डिक्सनने ते पाहिलं आणि इंस्टाग्रामवर आपला १९८९ चा फोटो टाकला. तेच जाकीट, डॅपर डॅनने शिवलेलं. फक्त तेव्हा बाह्यांवर लुई व्हितॉंची नक्षी होती, आता गुचीची. ओरडा झाला. गुचीने सांगितलं की ही मानवंदना आहे. पंचवीस वर्षांपूर्वी हार्लेमच्या दुकानाला हा शब्द कुणी वापरू दिला नव्हता. मात्र यावेळी कंपनीने शहाणपण केलं, म्हाताऱ्याशी करार केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये हार्लेमच्या लेनॉक्स अव्हेन्यूवर गुचीच्या कापडावर डॅपर डॅनचं दुकान पुन्हा उघडलं. त्याने आपल्या हयातीत हे पाहिलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण आता तिथं आधी वेळ ठरवून जावं लागतं. रात्री तीनला कुणी कोट शिवून देत नाही.

लिलावांचंही तेच. नोटोरियस बी.आय.जी.ने १९९७ मध्ये, मरण्याच्या तीन दिवस आधी, फोटोसाठी डोक्यावर प्लॅस्टिकचा मुकुट घातला होता. फोटोग्राफरने तो सहा डॉलरला आणलेला. २०२० मध्ये सदबीजच्या लिलावात तो ५,९४,७५० डॉलरला गेला. आणि ज्या १५२० सेजविकमध्ये सगळं सुरू झालं, त्या इमारतीला २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने हिप-हॉपचं जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. तेव्हा तिथले भाडेकरू वेगळ्याच धास्तीत होते. मालकाला इमारत परवडणाऱ्या घरांच्या सरकारी योजनेतून बाहेर काढायची होती. भाडेकरू लढत होते, आणि त्यांच्या बाजूने बोलायला कूल हर्क स्वतः उभा होता.

डी ला सोलचे अल्बम मात्र वर्षानुवर्षं कुठल्याच स्ट्रीमिंगवर नव्हते. १९८९ च्या करारांत इंटरनेटचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि इतक्या तुकड्यांच्या परवानग्या पुन्हा काढायला रेकॉर्ड कंपनी तयार नव्हती. ज्या काळासाठी सगळे हळवे होतात, त्या काळातला एक सर्वांत आनंदी अल्बम नव्या पोरांना ऐकताच येत नव्हता. ज्यांच्याकडे जुनी कॅसेट किंवा सीडी होती ते सांगायचे, बाकीचे मान डोलवायचे. अखेर ३ मार्च २०२३ ला सगळे अल्बम आले. त्या गटाचा डेव्हिड जोलिकोर, ज्याला ट्रुगॉय म्हणत, १२ फेब्रुवारीला गेला होता, १९ दिवस आधी. आणि आता जे ऐकू येतं तेही पूर्ण जुनं नाही. काही तुकड्यांची परवानगी मिळाली नाही, ते नव्याने वाजवून बसवले आहेत. कान देऊन ऐकलं, तर ज्याच्याकडे १९८९ ची कॅसेट आहे त्याला ते सांधे कळतात.